कोल्हापूर आणि पोलंड : सिस्टर सिटी करायची तर सुरुवात कुठनं करायची

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान पोलंडच्या राजधानीत, वॉर्साला गेले आणि तिथल्या कोल्हापूर स्मारकाला त्यांनी फुलं वाहिली, तेव्हा आपल्याकडं फोनवर फोन, अगं वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक कसं काय, खरं आहे का नुसतं फॉरवर्ड आहे. खरं आहे. आणि त्यानंतर आठवडाभरात मला निदान दहा जणांनी तरी विचारलं, की अमेरिकेतली शहरं पोलंडातल्या शहरांशी सिस्टर सिटीचं नातं जोडतात मग आपण का जोडत नाही, आपलं तर त्यांच्याशी जुनं नातं आहे. जोडता येतं. मी गेली काही वर्षं ह्यात आहे, करार अजून झालेला नाही हे आधीच सांगते, पण काय केलं की काम पुढं सरकतं आणि काय केलं की सहा महिने वाया जातात हे आता बऱ्यापैकी कळलंय, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय, ज्याला पुढं न्यायचंय त्यानं इथनं उचलावं.

आधी अमेरिकेनं काय केलं ते बघा

सिस्टर सिटी म्हणजे दोन देशांतल्या दोन शहरांनी एकमेकांशी कायमचं येणंजाणं ठेवायचं ठरवणं, बास. त्यात कुणी कुणाला पैसे देणं लागत नाही. १९५६ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी व्हाइट हाउसमध्ये परिषद घेतली, महायुद्धातला सेनापती माणूस तो, त्याचं म्हणणं असं की सरकारं सरकारांशी बोलतच राहतील पण साध्या माणसांची साध्या माणसांशी ओळख झाली पाहिजे. त्यातनं ही चळवळ वाढली, आज सिस्टर सिटीज इंटरनॅशनल म्हणून तिची संस्था आहे. आणि बघा, चारच वर्षांत म्हणजे १९६० ला शिकागोनं आपलं पहिलं नातं जोडलं ते वॉर्साशी. तेव्हा पोलंडात कम्युनिस्ट राजवट, अमेरिका-रशियाचं विस्तव जात नाही असं सगळं, तरीपण झालं. मग १९७३ ला रोचेस्टर आणि क्राकूफ, १९७५ ला बफेलो आणि झेशूफ, १९८९ ला राजवट बदलल्यावर तर रांगच लागली, क्लीव्हलंडनं १९९० ला गदान्स्क धरलं, ओहायोतल्या टोलेडोनं १९९१ ला पोझनान.

ही नाती टिकली कशामुळं, हे मी बरंच शोधलं, कारण आपल्याला तेच उचलायचंय. ह्या सगळ्या अमेरिकन शहरांत पोलिश लोकांच्या वस्त्या होत्या, कारखान्यात कामाला आलेले लोक, त्यांची चर्च, त्यांच्या बेकऱ्या. बफेलोच्या ब्रॉडवे मार्केटमध्ये ईस्टरच्या आधी लोण्याची कोकरं विकायला असतात, छोटी छोटी, पोलिश घरांत सणाच्या ताटात ठेवायला. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सोमवारी तिथं डिंगस डे असतो, पोरंपोरी एकमेकांवर पाणी उडवतात, हातात विलोच्या कळ्यांच्या फांद्या. मूळ पोलंडातला सण आहे हा. रंगपंचमीला आपल्याकडं पाण्याचे टँकर लावून जे चालतं ते आठवा, त्यांना ते समजवून सांगायला पाच मिनिटं पण लागणार नाहीत. तर मुद्दा असा की त्या शहरांत नातं आधी होतं, कागद नंतर आला. आणि कागद आल्यावर काम बघायला महापौराचं ऑफिस नव्हे तर नागरिकांची कमिटी, स्वतःच्या खिशातनं चहा पाजणारी माणसं. महापौर सही करतो, फोटो काढतो, चार वर्षांनी दुसरा महापौर येतो. कमिटी तिथंच असते.

आपल्याकडं काय आहे

आपल्याकडं कोल्हापूरजवळचं वळिवडे आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आणि हे नीट पाठ करून ठेवा कारण पुढं प्रत्येक टेबलावर हे सांगायला लागणार आहे.

१९३९ च्या सप्टेंबरात जर्मनीनं एकीकडनं आणि रशियानं दुसरीकडनं पोलंड वाटून घेतला. १९४० च्या फेब्रुवारीपासनं रशियानं पूर्व पोलंडातली कुटुंबंच्या कुटुंबं रेल्वेच्या डब्यात घालून सैबेरिया, कझाकस्तानला नेली. १९४१ ला जर्मनीनं रशियावरच हल्ला केला तेव्हा रशियाला पोलंडची गरज पडली, तह झाला, हे लोक सुटले. त्यातले लाखभर सैनिक आणि बायकापोरं १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात आले. तिथनं जहाजानं कराची, आणि कराचीहून काही जण आपल्याकडं. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेबांनी, म्हणजे तिथल्या महाराजांनी, अनाथ मुलांचा कॅम्प केला ते बऱ्याच जणांना माहीत असतंय, पण सगळ्यात मोठी वस्ती आपल्या वळिवड्याला, १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार माणसं. बहुतेक बायका आणि पोरं, कारण बाप्ये लढाईवर. पंचगंगेच्या काठाला बराकींच्या रांगा, चर्च, दवाखाना, पोलिश शाळा, नाटकं, स्काउट, सगळं. नंतर कॅम्प उठला, फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं तिथं राहिली आणि आज तिथं गांधीनगर आहे. आपण लग्नाचा बस्ता बांधायला जिथं जातो ना, तेच.

आमची आज्जी उचगावची. तिची आई कॅम्पात भाजी घेऊन जायची आणि आज्जी लहानपणी तिच्या मागं मागं. आज्जीला शेवटपर्यंत दोन शब्द यायचे, जेन दोब्री म्हणजे नमस्कार आणि जेंकुये म्हणजे थँक्यू. त्यातलं जेंकुये ती भाजीची पाटी डोक्यावरनं खाली ठेवताना म्हणायची तसं म्हणून दाखवायची, मान जराशी वाकवून. आम्हाला वाटायचं आज्जी कानडी बोलतेय. मी कॉलेजात गेल्यावर मला कळलं ही कुठली भाषा.

तर बफेलोत जे पोलिश वस्तीचं काम, ते आपल्याकडं ह्या आठवणींचं. फरक एवढाच की आपली माणसं निघून गेलीत, इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला, अमेरिकेला, काही परत पोलंडला. कॅम्पात लहानाची मोठी झालेली पोरं आज ऐंशी नव्वदच्या घरात आहेत. म्हणून मी सगळ्यांना सांगते, ठरावबिराव नंतर, आधी हे गोळा करा.

पहिलं काम : आठवणी आणि फोटो

वळिवडे, गांधीनगर, उचगाव, रुकडी ह्या पट्ट्यातली म्हातारी माणसं, किंवा आता त्यांची मुलं, ह्यांच्याकडं जायचं. एकदम कॅमेरा लावून बसू नका, माणूस गप होतो. पहिल्या दिवशी नुसता चहा प्यायचा, दुसऱ्या दिवशी मोबाइल टेबलावर ठेवायचा रेकॉर्डिंगला, विचारून. प्रश्न मोठे विचारायचे नाहीत. "कॅम्प कसा होता" असं विचारलं की "चांगला होता" एवढंच उत्तर मिळतंय. "दूध कोण घालायचं, पैसे कसे द्यायचे, त्यांच्या पोरांबरोबर तुम्ही काय खेळायचा" असं विचारलं की तास दीड तास बोलतात.

फोटो मिळाला तर घरी न्यायचा नाही. कितीपण विश्वास असू दे, नाही न्यायचा. छोटा स्कॅनर आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्याच घरात बसायचं, ६०० डीपीआयला स्कॅन करायचा, फोटोची मागची बाजू पण करायची कारण नाव, गाव, स्टुडिओचा शिक्का मागंच असतो, आणि फोटो त्यांच्यासमोर परत पाकिटात. आमच्याकडनं सुरुवातीला ही चूक झाली, एका घरातनं आणलेला ग्रुप फोटो एका कार्यक्रमाला लावायला दिला आणि तो परत आलाच नाही, कुणी नेला, कुठं गेला, काही पत्ता नाही. त्या घरच्या काकूंनी मला काही बोललं नाही, पण त्यानंतर त्यांनी ट्रंक उघडली नाही. ते माझ्या मनातनं जात नाही अजून.

दुसरं, शहरात महावीर उद्यानात पोलिश लोकांचं स्मारक आहे ते बघून या, ख्रिश्चन दफनभूमीत पोलिश कबरी आहेत त्या बघून या. दगडावरची नावं वहीत जशीच्या तशी उतरवा, अक्षराखालचं शेपूट, अक्षरावरची रेघ सगळं, कारण पोलिशमध्ये त्या रेघेनं उच्चार बदलतो आणि तिकडं कुणाला आपलं माणूस शोधायचं असेल तर एका रेघेनं सापडत नाही.

कमिटी किती जणांची

सात. संस्था नोंदवायला कायद्यानं कमीत कमी सात लागतात, १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली, आणि महाराष्ट्रात तीच धर्मादाय आयुक्तांकडं ट्रस्ट म्हणून पण नोंदवतात. सातानं सुरू करा, वाढवायचं नंतर बघू. आमची पहिली कमिटी ३१ जणांची होती, सगळ्या पेठांतले, सगळ्या पक्षांतले, पहिल्या मीटिंगला हार, शाल, फेटे, दुसऱ्या मीटिंगला नऊ जण, तिसरी झालीच नाही. कुणाचा दोष नाही त्यात, ३१ जणांना द्यायला कामच नव्हतं आमच्याकडं.

सात जण कोण असावेत ह्याबद्दल माझं मत पक्कं आहे. एक शिक्षक, कारण शाळेतनं सगळं सुरू होतं. एक शिरोलीचा किंवा गोकुळ शिरगावचा फौंड्रीवाला किंवा मशीन शॉपवाला, ज्याला परदेशी गिऱ्हाइकाशी मेलवर बोलायची सवय आहे. गांधीनगरचा एक सिंधी व्यापारी, घेतलाच पाहिजे, कारण ती जागा आज त्यांची आहे आणि निर्वासित होऊन येणं म्हणजे काय हे त्यांच्या घरात कुणाला शिकवायला लागत नाही. वळिवडे ग्रामपंचायतीचं एक माणूस. तालमीचं एक पोरगं, धावपळीला आणि गर्दी आवरायला. एक हिशेब ठेवणारा, शक्यतो सीए. आणि एक पोलिश शिकायला तयार असलेलं तरुण माणूस, ह्याला वर्षभर वेळ द्या, अॅपवर रोज अर्धा तास केलं तरी पत्राचा मजकूर समजण्याइतकं येतं.

ग्रामपंचायतीचं मी मुद्दाम म्हणतेय. वळिवडे महापालिकेच्या हद्दीत नाही, करवीर तालुक्यातली वेगळी ग्रामपंचायत आहे. सगळा कार्यक्रम शहरानं करायचा आणि ज्यांच्या गावात कॅम्प होता त्यांनी शेवटच्या रांगेत बसायचं, असं होऊ देऊ नका.

शहर कुठलं निवडायचं

सगळे पहिल्यांदा वॉर्साच म्हणतात. मी नको म्हणते. राजधानी आहे, जगभरची शहरं तिच्या दारात उभी, आपलं पत्र विसाव्या टेबलावर जाऊन पडणार. आपल्याएवढं, आपल्यासारखं शहर बघायचं.

माझी पहिली पसंती वूच. इंग्रजीत लिहिलेलं बघितलं तर लोड्झ वगैरे वाटतं पण उच्चार वूच, अर्थ नाव, पाण्यातली नाव. साधारण साडेसहा लाख वस्ती, आपल्या शहराची २०११ च्या जनगणनेला साडेपाच लाख होती. वूच म्हणजे कापड गिरण्यांचं शहर, पोलंडचं मँचेस्टर म्हणतात, आणि आपल्या शेजारी इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, दोन्हीकडं यंत्रमागाचा खडखडाट ऐकत वाढलेली पिढी आहे. पण मला खरं पटलं ते दुसऱ्या कारणानं. पोलंडची फिल्म स्कूल वूचला आहे, १९४८ ला सुरू झालेली, वळिवड्याचा कॅम्प उठला त्याच वर्षी, दिग्दर्शक आंद्रे वायदा तिथनंच शिकून बाहेर पडले. आणि कोल्हापूरबद्दल मी काय सांगायचं, बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी इथं काढली, स्वतः कॅमेरा जोडला, १९२९ ला प्रभात इथंच उभी राहिली आणि मग पुण्याला गेली. सिनेमावाली दोन गावं भेटली तर बोलायला विषय शोधायला लागणार नाही.

दुसरी पसंती झेशूफ. लहान आहे, दोन लाखाच्या आसपास, पण विमानाच्या इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचा सगळा पट्टा त्या भागात आहे, एव्हिएशन व्हॅली म्हणतात त्याला. आपली फौंड्री आणि त्यांचं मशीनिंग. शिवाय झेशूफला बफेलोबरोबर पन्नास वर्षांचा अनुभव आहे, त्यांच्याकडनं शिकायला मिळेल.

निवडायच्या आधी त्या शहराच्या वेबसाइटवर जाऊन मियास्ता पार्टनेर्स्किए म्हणजे पार्टनर शहरं ह्या नावाचं पान उघडा, किती नाती आधीच आहेत, त्यातली किती जिवंत आहेत ते बातम्यांवरनं कळतं. आणि वळिवड्याला राहिलेली कुठली कुटुंबं त्या शहरात किंवा आसपास गेलीत का ते शोधा. एक जरी घर सापडलं ना, तर बाकी सगळी तुलना बाजूला ठेवा आणि तेच शहर धरा.

पत्र कसं लिहायचं

इथं फार जण चुकतात, आम्ही पण चुकलो. पोलंडात मोठ्या शहराच्या महापौराला प्रेसिडेंट म्हणतात, प्रेझिदेंत मियास्ता. छोट्या गावात बुर्मिस्त्श, खेड्यात वूयित. आमच्या पहिल्या मसुद्यावर कुणीतरी प्रेसिडेंट हा शब्द खोडून मेयर केला, त्यांना वाटलं आम्ही देशाच्या राष्ट्रपतीला लिहितोय. पुरुष असेल तर नावाआधी पान, बाई असेल तर पानी. हा पान शब्द सोडू नका. आपण अहो म्हणतो तसं पोलिशमध्ये मोठ्या माणसाशी थेट तू म्हणून बोलत नाहीत, पान किंवा पानी लावून बोलतात, आणि मशीननं भाषांतर केलं की बऱ्याचदा ते अरेतुरेवर येतं. म्हणून इंग्रजी पत्र पाठवा आणि सोबत पोलिश, पण पोलिश मजकूर पोलिश माणसाकडनं वाचून घेतल्याशिवाय नाही.

आमचं पहिलं पत्र चार पानी होतं. अंबाबाई, रंकाळा, शाहू महाराज, कुस्ती, चप्पल, गूळ, तांबडा पांढरा, सगळं. आणि मागितलं काय तर काहीच नाही, "सहकार्य व्हावे ही विनंती". वर पाठवलं एप्रिलच्या शेवटी, तिकडं १ मे आणि ३ मे सुट्टी असते आणि लोक मधले दिवस रजा टाकून गावाला जातात, ऑफिस ओसाड. उत्तर आलं नाही. आता आमचं पत्र एका पानाचं आहे आणि साधारण असं :

"१९४३ ते १९४८ ह्या काळात आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावात आपल्या देशातली सुमारे पाच हजार माणसं राहिली. त्यांच्या आठवणी आमच्या घरांत आहेत, त्यांच्या काही कबरी आमच्या शहरात आहेत. आपल्या शहरातली एक शाळा आणि आमची एक शाळा ह्यांनी येत्या ऑक्टोबरपासून महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर भेटावं असं आम्हाला वाटतं. ह्यासाठी आपल्याकडच्या शिक्षण विभागातल्या कुणाशी बोलावं, एवढं कृपया कळवावं. सोबत दोन फोटो जोडले आहेत."

बास. एक छोटी मागणी, जिला हो म्हणायला कुणाला मीटिंग बोलवायला लागत नाही. फोटो दोनच, पण चांगले. पत्राची एक प्रत मुंबईच्या पोलिश कॉन्सुलेटला आणि एक वॉर्सातल्या आपल्या दूतावासाला माहितीसाठी. पाठवायचा चांगला काळ सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी-मार्च.

करार व्हायच्या आधी काय करत राहायचं

करायचं ते दरवर्षी त्याच तारखेला, आणि आपल्याला झेपेल एवढंच. व्हिडिओ कॉलचं गणित सांगते, उन्हाळ्यात पोलंड आपल्यामागं साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. आपल्या दुपारी दोन वाजता त्यांचे सकाळचे साडेनऊ किंवा साडेदहा, दोन्ही शाळा भरलेल्या असतात, म्हणून दोनची वेळ पक्की करा. पोरांना नुसतं एकमेकांसमोर बसवलं तर हॅलो हॅलो करून गप बसतात, त्यांना काम द्या. आमच्या एका कॉलला पोरांनी आपापल्या आज्जीचा एक पदार्थ सांगायचा असं ठेवलं होतं. तिकडच्या एका पोरीनं झुरेक सांगितलं, राईचं पीठ पाण्यात चार पाच दिवस आंबवून त्याचं आंबट सूप करतात, आणि आमच्याकडची एक पोरगी उठून म्हणाली मॅडम ही तर आंबील. मग पंधरा मिनिटं आंबीलच चालली, किती दिवस ठेवायची, झाकण कसलं, वास कसा यायला पाहिजे. दोन्हीकडच्या शिक्षकांनी ठरवलेला विषय बाजूलाच राहिला, आणि चांगलं झालं.

अधिकृत रस्ता

वर्ष दोन वर्षं असं चालल्यावर मग कागद. आपल्याकडं महापौर किंवा आयुक्त परस्पर परदेशी शहराशी करार करू शकत नाहीत. महापालिकेच्या महासभेचा ठराव पाहिजे, तो प्रस्ताव राज्य सरकारमार्फत परराष्ट्र मंत्रालयाकडं जातो, तिथं राज्यांच्या कामासाठी वेगळा विभाग आहे, त्यांची संमती आल्यावर सही. पोलंडच्या बाजूला नगर परिषद म्हणजे रादा मियास्ता ठराव करते. हे सगळं वेळ खातं, म्हणून मध्ये नुसतं इरादापत्र करून घ्या, आम्ही दोघं ह्या दिशेनं निघालोय एवढंच सांगणारं.

करारात काय असावं, तर एक, कुणावरही पैशाची जबाबदारी नाही हे स्पष्ट वाक्य. दोन, मुदत पाच वर्षं आणि मग नूतनीकरण, म्हणजे पाचव्या वर्षी दोन्हीकडं कुणालातरी फाइल उघडायला लागते. तीन, संपर्क कुणाशी करायचा ते माणसाच्या नावानं न लिहिता पदाच्या नावानं लिहा, बदली झाली तरी पत्ता चुकत नाही. चार, विषय तीनच धरा, शाळा, उद्योग, वारसा. वीस विषय लिहिलेले करार मी वाचलेत, त्यातला एक पण धड चाललेला नसतो. पोलंडात स्थानिक निवडणूक आता पाच वर्षांनी असते, मागची २०२४ च्या एप्रिलमध्ये झाली, तेव्हा पुढची २०२९. निवडणुकीच्या तोंडावर सही मागायला जाऊ नका, इकडं पण आणि तिकडं पण.

पैशाचं एक कडक सांगते. तिकडनं कुणी प्रेमानं म्हणालं की कबरींच्या दुरुस्तीला आम्ही पैसे पाठवतो, तर लगेच खाते नंबर देऊ नका. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा आधी परवानगी लागते आणि ती रक्कम स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच येते. सरकारी अधिकारी तिकडच्या खर्चानं जाणार असतील तर त्यांना पण गृह मंत्रालयाची परवानगी लागते. सात जणांतला सीए ह्यासाठीच.

पाहुणे आले तर

हॉटेलात ठेवू नका, घरात ठेवा, सगळी गंमत घरातच आहे. पण परदेशी माणूस घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारकडं ऑनलाइन भरायची असते, यजमानानं, हे बऱ्याच घरांना माहीत नसतं. पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो पाहुणे यायच्या आधीच मागवून ठेवा.

जेवायला पांढऱ्या रश्श्यानं सुरुवात करा, तांबडा वाटीत वेगळा, चाखायला. चप्पल भेट द्यायची असेल तर मापं आधी मागवा, युरोपचे नंबर वेगळे, सगळ्यात सोपं म्हणजे कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलनं कड काढून त्याचा फोटो पट्टी शेजारी ठेवून पाठवायला सांगा, कारागीर त्यावरनं बरोबर करतो.

आणि फुलं. हे मला उशिरा कळलं, तुम्ही आधीच लक्षात ठेवा. आपण पाहुणा आला की हार घालतो, आणि आपल्या बाजारात हारात हमखास काय असतं तर शेवंती. पोलंडात शेवंती हे कबरीवरचं फूल आहे. १ नोव्हेंबरला तिकडं सगळा देश आपापल्या माणसांच्या कबरीवर जातो, शेवंतीच्या कुंड्या आणि काचेतले दिवे घेऊन. तसंच गुच्छ देताना फुलं मोजून द्या, तीन, पाच, सात, सम संख्या अंत्यविधीला असते. वळिवड्याची ओढ घेऊन ऐंशीच्या पुढचं माणूस एवढ्या लांब आलंय, विमानतळावर त्याच्या गळ्यात आपण शेवंतीचा हार घालायचा, नको ना. मोगरा घाला, निशिगंध घाला. हारवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, नाहीतर तो सवयीनं दोन शेवंत्या घालतोच.

शेवंती न्यायची ती १ नोव्हेंबरला आपल्या इथल्या पोलिश कबरींवर. हे काम कुठल्याही ठरावाची, परवानगीची, कराराची वाट न बघता ह्या वर्षीपासनं करता येण्यासारखं आहे, फक्त दफनभूमी बघणाऱ्या मंडळींना दोन दिवस आधी विचारून घ्या आणि आदल्या दिवशी जाऊन गवत काढा. नुसत्या पणत्या नेऊ नका, त्या वेळेला संध्याकाळी वारा असतो, विझतात. लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या धुऊन त्यात तळाला वाळू आणि वर मेणबत्ती, तीन चार तास जळते. दगड आधी ओल्या फडक्यानं पुसून घ्या, साबण, अॅसिड काही नको, अक्षरं झिजतात. प्रत्येक कबरीचा एक फोटो, नाव वाचता येईल असा जवळनं, दिवा चौकटीत ठेवून. आणि फोटो त्याच संध्याकाळी पाठवायचे, दुसऱ्या दिवशी नाही. आपले साडेसहा म्हणजे तिकडं दुपारचे दोन, त्या वेळेला ती माणसं स्वतः दफनभूमीतच असतात.